झोपलेल्या घराला कोण उठवणार?

आमच्या इमारतीत रमजानच्या पहाटे सर्वांत आधी दिवा लागतो तो तिसऱ्या मजल्यावरच्या दादींकडे. मोबाईलचे अलार्म नव्हते तेव्हा त्यांच्या गावात सहरीच्या वेळी एक फकीर डफ वाजवत गल्लीतून जायचा. दादी म्हणतात, "त्याचा आवाज कानावर आला की जीव निर्धास्त व्हायचा. वाटायचे, कोणीतरी आपल्यासाठी जागे आहे."

काही वर्षांपूर्वीच्या एका रमजानमध्ये हे काम दादींनाच करावे लागले. पहाटेचे साडेतीन वाजले होते. वुजूसाठी उठलेल्या दादींना जळक्या प्लास्टिकचा वास आला. दार उघडले तर जिन्यात धूर. दुसऱ्या मजल्यावर चपलांच्या कपाटाशेजारी कुणीतरी एक्स्टेन्शन बोर्ड लावून स्कूटरची बॅटरी चार्जिंगला ठेवली होती. बोर्ड वितळत होता आणि कपाटाचे प्लायवूड धुमसू लागले होते. दादींनी हातातल्या लाटण्याने एकेक दार बडवले. आम्ही खाली धावलो. कुणी मेन स्विच पाडला, कुणी मीटरजवळचे अग्निशामक नळकांडे आणले. दहा मिनिटांत सारे आटोपले. भिंत काळी पडली, दोन-चार चपला जळाल्या, एवढेच नुकसान.

सहरी करताना सगळे अल्लाहचे आभार मानत होते. दादी मात्र गप्प होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "रमजान होता म्हणून मी जागी होते. बाकीचे अकरा महिने तुम्हाला कोण उठवणार?"

हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

आगीआधी धूर येतो

आगीत माणूस जळून मरतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात घरातल्या आगीत ज्वाळा पोहोचण्याआधीच अनेकांचा जीव धुराने जातो. गाद्यांचा फोम, सोफा, पडदे, वायरींचे आवरण, प्लास्टिकच्या वस्तू जळाल्या की त्यातून कार्बन मोनॉक्साईड आणि इतर विषारी वायू निघतात. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वासही नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. जागा माणूस गोंधळतो, त्याचे पाय लटपटतात; झोपलेला माणूस आणखी गाढ झोपेत जातो.

"धुराचा वास आला की आपण उठूच," असे बहुतेकांना वाटते. पण झोपेत आपले नाक जवळजवळ झोपलेलेच असते. वासाने जाग येईल याचा भरवसा धरता येत नाही. झोपेतही थोडाफार जागा असतो तो कान. म्हणून धूर दिसताच मोठ्याने ओरडणारी वस्तू घरात लागते. तीच स्मोक अलार्म.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातली घटना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ३ एप्रिल २०२४ची पहाट, रमजानचे शेवटचे दिवस. ईद तोंडावर आलेली. दाणा बाजारातल्या एका इमारतीत तळमजल्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाला चारच्या सुमारास आग लागली. वर राहणाऱ्या एका मुस्लिम कुटुंबातील सात जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले की आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. ते गुदमरून गेले.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत असेच घडले. खाली दुकान, वर घर, पहाटेची वेळ. एकाच कुटुंबातले सात जण गेले. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, ६ ऑक्टोबर २०२३ला, गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत पहाटे तीनच्या सुमारास तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आग भडकली. तिथे वाहने होती, जुन्या कपड्यांचा साठा होता. धूर वर चढला. किमान सात जणांचा जीव गेला आणि कित्येक जण रुग्णालयात पोहोचले. १८ मे २०२५ला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. मालकाचे कुटुंब कारखान्याच्याच इमारतीत राहत होते. तीही वेळ पहाटेचीच होती.

या सगळ्या घटनांत दोन गोष्टी सारख्या आहेत. आग खाली लागली आणि माणसे वर झोपलेली होती.

आता आपल्या काशीमीरा परिसरावर नजर टाका. मीरा-भाईंदर रस्ता महामार्गाला मिळतो त्या नाक्यापासून काशीगाव, मीरागाव, पेणकरपाड्यापर्यंत चालत जा. खाली शिलाईची, फर्निचरची, गॅरेजची, बेकरीची दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशा इमारती किती दिसतात ते मोजा. चाळी आणि झोपड्यांची वस्ती तर आणखी दाट. भाईंदर पूर्वेच्या आझादनगर झोपडपट्टीला २८ फेब्रुवारी २०२४च्या पहाटे आग लागली, कित्येक झोपड्या जळाल्या, एकाचा मृत्यू झाला. ते ठिकाण आपल्यापासून काही मैलांवर आहे.

कायदा कुठवर येतो?

आपल्या राज्यात 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा कायदा आहे. इमारतीतली आगीपासून बचावाची साधने बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी या कायद्याने मालक आणि वापरणाऱ्यांवर टाकली आहे. ही साधने ठीक आहेत असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाला द्यावे लागते. त्यालाच 'फॉर्म बी' म्हणतात. तुमच्या सोसायटीला हा कायदा लागू असेल तर पुढच्या सभेत एवढाच प्रश्न विचारा : मागचा फॉर्म बी कधी दिला आणि त्याची प्रत कुठे आहे?

पण हा कायदा मुख्यतः इमारतीचा वापर आणि उंची बघतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत बहुमजली धरली जाते. उंची वाढेल तशी पाण्याच्या टाक्या, होज रीळ, स्प्रिंकलर, अलार्म अशी साधनांची यादी वाढते. आमच्यासारख्या तीन-चार मजल्यांच्या इमारतीत, चाळीत किंवा बैठ्या घरात झोपायच्या खोलीबाहेर धुराचा अलार्म लावा, असे कायदा सांगत नाही. आणि आपल्यातले बहुतेक लोक अशाच घरांत राहतात.

इतर देशांनी हीच जागा भरून काढली आहे. जपानने २००४मध्ये कायदा बदलला. २००६पासून नव्या घरांना आणि २०११पर्यंत देशातल्या सर्व घरांना अलार्म सक्तीचा झाला. इंग्लंडमध्ये घर भाड्याने देणाऱ्या मालकाला २०१५पासून राहत्या प्रत्येक मजल्यावर किमान एक अलार्म लावावा लागतो. स्कॉटलंडने फेब्रुवारी २०२२पासून प्रत्येक घरासाठी नियम केला की बैठकीची खोली, जिना-पॅसेज आणि स्वयंपाकघर इथले अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतात. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्था सांगते की तिथे घरातल्या आगीत होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ तीन मृत्यू अलार्म नसलेल्या किंवा बंद पडलेल्या घरांत होतात.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग यात बरेच शिकवून जाते. १४ जून २०१७, तोही रमजानचाच महिना. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फ्रीजने पेट घेतला. त्या घरातला अलार्म वाजला, माणूस उठला, त्याने अग्निशमन दलाला फोन केला आणि त्या घरातले सगळे वाचले. पण संपूर्ण इमारतीला उठवणारा अलार्म नव्हता. सहरीसाठी जागे असलेल्या मुस्लिम रहिवाशांनी शेजाऱ्यांची दारे ठोठावली, त्यामुळे काही जण बाहेर पडू शकले, असे वाचलेल्यांनी सांगितले. तरीही ७२ जणांचा जीव गेला. आमच्या दादींनी लाटण्याने जे केले तेच तिथल्या लोकांनी केले. पण चोवीस मजल्यांना हाताने ठोठावणे पुरे पडत नाही.

हे आपल्या शिकवणीतच आहे

कुणी म्हणेल, मृत्यू अल्लाहच्या हाती आहे. ते खरेच. पण उंट बांधून मग भरवसा ठेवायचा, ही शिकवणही आपल्याला माहीत आहे. आगीबाबत तर ती थेट आहे. मदीनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. ही बातमी प्रेषितांना (स.) समजली तेव्हा त्यांनी आग ही माणसाची वैरी असल्याचे सांगून झोपण्यापूर्वी ती विझवायला सांगितले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हा प्रसंग आला आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये कारणही आहे : उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घर पेटते.

त्या काळी रात्री घरात एकच दिवा असायचा, तो विझवला की झाले. आज आपल्या घरात रात्रभर फ्रीज चालतो, इन्व्हर्टर चालतो, उशाशी मोबाईल चार्ज होतो, जिन्यात स्कूटर चार्ज होते. सगळे विझवणे शक्य नाही. मग जे विझवता येते ते विझवायचे आणि उरलेल्यावर पहारा ठेवायचा.

अलार्म कोणता, कुठे आणि कसा

स्मोक अलार्म म्हणजे तळहातापेक्षा थोडी मोठी, गोल, पांढरी डबी. आत एक प्रकाशकिरण असतो. धूर शिरला की प्रकाश विखुरतो, ते सेन्सरला कळते आणि डबी कर्कश वाजू लागते. घरासाठी हा प्रकाशावर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक किंवा ऑप्टिकल प्रकार घ्यावा. गादी, वायर, फोम यांसारख्या धुमसत जळणाऱ्या आगी तो लवकर ओळखतो. डबीवर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ या मानकाची खूण आहे का ते बघा. दहा वर्षे टिकणारी सीलबंद बॅटरी असेल तर उत्तम, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसाठी कुणी तिचा सेल काढणार नाही. एका दावतीच्या बिर्याणीला लागतो त्याहून खर्च कमी येतो.

बसवताना या गोष्टी लक्षात ठेवा :

• पहिला अलार्म झोपायच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये. शक्य असेल तर प्रत्येक झोपायच्या खोलीत एक. दोन मजली घर असेल तर प्रत्येक मजल्यावर एक. एकाच खोलीचे घर असेल तर चुलीपासून जितका लांब लावता येईल तितका.

• धूर वर चढतो, म्हणून जागा छतावर. अगदी कोपऱ्यात नको, तिथे हवा अडून राहते.

• आपल्याकडे पंखा रात्रभर चालतो. पात्याच्या टोकापासून किमान तीन फूट अंतर हवे, नाहीतर वारा धूर पसरवून टाकतो. न्हाणीघराच्या दारापासूनही तीन फूट दूर.

• गॅसच्या शेगडीपासून किमान दहा फूट दूर. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावला तर फोडणी पडली की तो बोंबलणार. तिथे उष्णता ओळखणारा हीट अलार्म लावतात.

• महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवून बघा, धूळ झटका. दहा वर्षांनी डबी बदला. चांगली दिसत असली तरी आतला सेन्सर म्हातारा होतो.

आणखी एक गोष्ट. स्मोक अलार्मला गॅसगळती कळत नाही. त्यासाठी गॅस डिटेक्टर वेगळा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून त्याचा डिटेक्टर खाली लावायचा. पाईपने येणारा गॅस हलका असतो, त्याचा डिटेक्टर वर लावायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर लक्षात ठेवा.

वाजला, मग पुढे काय?

अलार्म फक्त उठवतो. पुढची वाट आपल्यालाच चालायची आहे आणि ती मोकळी नसेल तर उठून उपयोग काय?

आम्ही आमच्या इमारतीची वाट तपासली तेव्हा आम्हालाच लाज वाटली. प्रत्येक मजल्यावर चपलांची कपाटे, सायकली, जुनी गादी. गच्चीच्या दाराला कुलूप आणि चावी कुणाकडे ते दोघांना सोडून कुणाला माहीत नाही. चोराच्या भीतीने प्रत्येक खिडकीला पक्की जाळी, उघडणारी एकही नाही. काही घरांत रात्री आतून कुलूप लावून चावी कपाटात ठेवायची सवय. चोर येईल न येईल, आग लागली तर हीच जाळी आपल्याला कोंडते. प्रत्येक घरात किमान एका खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप करून घ्या. दाराची चावी दाराजवळच, मुलांनाही माहीत असेल अशा ठिकाणी टांगा.

आणि एकदा सगळ्या घराने सराव करा. लहान मुलांची झोप इतकी गाढ असते की अलार्मनेही कित्येकदा ती उठत नाहीत. ज्यांना कमी ऐकू येते अशी वडीलधारी माणसेही घरोघरी असतात. म्हणून कोणी कोणाला उठवायचे हे आधीच ठरवा. धूर असेल तर वाकून, रांगत चला. जमिनीजवळ हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू त्याला लावून बघा. गरम लागले तर उघडू नका, फटीत ओले कापड कोंबा, खिडकीशी जाऊन हाक मारा. बाहेर पडता आले तर दार मागे ओढून घ्या, लिफ्ट वापरू नका, दागिन्यांसाठी परत फिरू नका. १०१ किंवा ११२ ला फोन लावा.

भाड्याने घर देणाऱ्यांसाठी

आपल्या भागात अनेकांनी दुसरे घर घेऊन भाड्याने दिले आहे. त्या घरात कुणाची तरी मुले झोपतात. करारनामा होतो, पोलीस ठाण्यात कागद जातो, डिपॉझिट मोजून घेतले जाते. त्याच दिवशी छतावर एक अलार्म लावून द्या आणि तो वाजवून दाखवा. इंग्लंडमधल्या मालकाला हे कायद्याने करावे लागते. आपण ते अमानत समजून करू शकतो. खाली दुकान आणि वर घर अशी जागा भाड्याने देत असाल तर दुकानातही एक लावा आणि वरच्या घरातल्याशी जोडलेला लावा, कारण धूर खालूनच येणार आहे.

आमच्या इमारतीत काय झाले

त्या पहाटेनंतर आम्ही हा विषय सोसायटीच्या सभेत मांडला. पहिल्यांदा कुणी मनावर घेतले नाही. एक जण म्हणाले, कायद्यात नाही तर कशाला? दुसरे म्हणाले, दर गुरुवारी आम्ही लोबान जाळतो, रोज बोंब होईल. चेअरमनसाहेबांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेला दादी स्वतः काठी टेकत आल्या. त्यांनी भाषण केले नाही. "मी आता किती रमजान तुम्हाला उठवू?" एवढेच विचारून त्या बसल्या.

अलार्म मंजूर झाले. प्रत्येक मजल्याच्या जिन्यात एक, आणि घराच्या आतला ज्याने त्याने आपल्या खर्चाने लावायचा. दोन कुटुंबांना परवडत नव्हते, त्यांचे बाकीच्यांनी मिळून लावून दिले. स्कूटरचे चार्जिंग जिन्यातून हलले, तळाला वेगळा पॉइंट काढला. चपलांची कपाटे घरात गेली. त्यावरून झालेली भांडणे अजून पुरती मिटलेली नाहीत. गच्चीची चावी आता दाराशेजारीच काचेच्या खोक्यात असते.

लोबानची भीती खरीच ठरली. पहिल्याच गुरुवारी एका घरात अलार्म वाजला आणि सगळी इमारत चपला न घालता खाली उतरली. लोक चिडले. आम्ही मनात म्हणालो, सरावही झाला. आता लोबान खिडकीशी जाळतात.

दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला नमाजहून आल्यावर प्रत्येक घर आपला अलार्म वाजवून बघते. ते काम मुलांकडे आहे, त्यांना स्टुलावर चढून बटण दाबायला आवडते. दुपारी दोनच्या सुमारास सगळी इमारत एकदम किंचाळते आणि पुन्हा शांत होते. तिसऱ्या मजल्यावर दादी कानांवर हात ठेवून हसतात.

कायदा आपल्या घरात यायला वेळ लागेल. तोवर आज रात्री झोपण्याआधी तुमच्या छताकडे एकदा बघा आणि दादींचा प्रश्न स्वतःला विचारा. बाकीच्या अकरा महिन्यांसाठी तुमच्या घरात कोण जागे आहे?